रविवारचे शब्द

लिमये सरांना ‘कसे आहात?’ असं कुणी सहज विचारलं की विचारणाऱ्याचीच पंचाईत व्हायची. ‘बराय’ म्हणून मोकळं होणं त्यांना जमायचं नाही. ते काठी टेकून थांबायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि मग एक इंग्रजी शब्द सांगायचे. नाक्यावरच्या न्हाव्याला एकदा म्हणाले, ‘आज फीबल.’ न्हावी ‘चांगलंच की’ म्हणाला आणि त्याने सरांच्या तोंडावर पाणी मारलं.

रत्नागिरीतल्या पोरांना त्यांनी उभा जन्म इंग्रजी शिकवलं. मी त्यांची विद्यार्थिनी, आणि लग्नानंतर शेजारीणही; मध्ये फक्त चिऱ्याचा कंबरेएवढा गडगा. आजारी, अशक्त, म्हातारा, सगळ्यांना आम्ही ‘वीक’ म्हणायचो याचा सरांना भयंकर राग. ‘सगळ्याला वीक म्हणतो तो आळशी,’ ते म्हणायचे. ‘तापातून उठलेला तो वीक. चार दिवस पेज प्याला की उभा राहतो. आवाजातलाही जोर गेला की फीबल. फ्रेल म्हणजे जुनं कौल. जागेवर आहे तोवर ठीक, त्यावर पाय देऊ नका. उठायला दुसऱ्याचा हात लागला की इन्फर्म. आणि मांडवीला वाळूत ओढून ठेवलेली, पुन्हा कधी पाण्यात न घातलेली होडी पाहिलीत ना? ती डिक्रेपिट.’ वहीत हे शब्द याच क्रमाने लिहायचे. सरांच्या आवारातली कैरी चोरली तर नुसता ओरडा, पण क्रम चुकला तर छडी.

लिमये काकू गेल्या तेव्हा मुलगा मंदार कॅनडात स्थिरावला होता. सर एकटे राहिले. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर मी गडग्यावरून हाक मारली की आधी खाकरल्याचा आवाज यायचा, मग ‘ये गो’. एकदा मी खोकल्याचं औषध आणू का म्हणून विचारलं. ‘खोकला नाही गो,’ ते म्हणाले. ‘सकाळपासून कुणाशी बोललेलो नाही. आवाज आहे का, बघतो.’

मंदारचा फोन रविवारी सकाळी यायचा, माझ्याच मोबाइलवर. सरांना बटणं दिसत नसत. कानानेही कमी ऐकू यायचं, म्हणून स्पीकर लावून मी शेजारी बसायची. व्हिडिओ कॉलला मात्र त्यांचा साफ नकार. ‘तोंड दाखवायला मी काय नवरी मुलगी आहे?’ मंदार तब्येत विचारायचा आणि सर एक शब्द सांगायचे. दसऱ्याला तो शब्द होता वीक, दिवाळीत फीबल. शिमग्यानंतर फ्रेल. आंब्याच्या दिवसांत ओटीवरून अंगणात उतरायला त्यांना माझा खांदा लागू लागला, आणि त्या रविवारी त्यांनी सांगितलं, इन्फर्म. मंदार दर वेळी हसायचा. ‘बाबा, तुम्ही अजून तसेच आहात.’ मग पाच मिनिटं तिकडच्या हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या.

न राहवून मी एकदा म्हटलं, ‘सर, सरळ ये म्हणा की त्याला.’

‘अगो, पाचवीत असताना मीच शिकवलेत त्याला हे शब्द. ये म्हटल्यावर कोणीही येईल. त्याला कळून यायला हवा तो.’ वर मला तंबी दिली, ‘तू मध्ये पडायचं नाहीस, सुमे.’

पन्नाशीची बाई मी, कचेरीत साहेबालाही उलट बोलते. सरांपुढे मात्र अजून सातवीतच होते. मी मान डोलावली.

गणपतीला मंदार येईल अशी सरांची खात्री होती. त्याला रजा मिळाली नाही. विसर्जनानंतरच्या रविवारी सर अंथरुणातूनच बोलले. ‘डिक्रेपिट.’ तेवढा एक शब्द नीट उच्चारायला त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला.

तिकडून मंदार म्हणाला, ‘अरे वा, हा तर मी साफ विसरलोच होतो.’

फोन बंद झाल्यावर सर म्हणाले, ‘विसरला म्हणतो.’

‘मी सांगू का त्याला?’

‘नको गो. परीक्षेत उत्तर सांगायचं नसतं.’

गुरुवारी सकाळी मी पेज घेऊन गेले तेव्हा सर गेलेले होते.

मंदार धावत आला. दिवसकार्य सगळं नीट केलं त्याने. तेराव्यानंतर ओटीवर बसला असताना त्याने मला विचारलं, ‘सुमाताई, बाबा तब्येतीचं मला कधी काही बोललेच नाहीत. तुम्हाला तरी बोलले होते का?’

मी म्हटलं, दर रविवारी तुलाच सांगत होते. मग पाचही शब्द त्याला क्रमाने सांगितले, प्रत्येकाचा अर्थ सर सांगायचे तसाच. तो खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, ‘मला वाटायचं, बाबा अजून इंग्रजी शिकवतायत. शिकवतायत म्हणजे बरे आहेत.’

त्याला बोल लावायला मला तोंड नव्हतं. त्याला सरांचे अर्थ आठवत नव्हते. मला ते पाठ होते, आणि मी गडग्यापलीकडे राहत होते.