खिडकीतला कूलर

तुळसाबाईच्या खोलीला खिडकी एकच, गल्लीकडे उघडणारी. गुडघे गेल्यापासून तिचं सगळं जग त्या चौकटीत मावलं होतं. समोर दहा फुटांवर प्रेमलताची खिडकी. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, म्हणून तिलाही घर सोडता येत नसे. दोघी खिडकीतूनच भाज्या निवडत, सुनांची उणीदुणी काढत.

एप्रिलात लेकानं, धम्मानंदानं, आईला उकाडा सोसवत नाही म्हणून मोठा कूलर आणला आणि बसवला त्याच खिडकीत. नागपुरात कूलर खिडकीतच बसतो, दुसरीकडे कुठे बसवणार? लेकानं हौसेनं आणलेल्या वस्तूला नको कोण म्हणेल? तुळसाबाई बसून राहिली. गार वाऱ्यात, अंधारात, त्या घरघरीत.

पावसाळा आला. "मार्चमध्ये परत लावाच लागते," म्हणून त्यानं कूलरवर प्लास्टिक बांधलं. लेक सकाळीच बुटीबोरीला कारखान्यात, सून दीक्षा दुकानात. फोन होता, पण दहा फुटांवरच्या बाईला फोन करून सांगायचं तरी काय? तुळसाबाईचं जेवण कमी झालं. मग वेणी घालणं सुटलं. लेकानं टॉनिक आणलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! बाईला एकटं वाटत होतं हो, दुसरं काही नाही.

डिसेंबरात डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभर काय करता?"

"काही नाही, साहेब. कूलर पाहतो."

धम्मानंदानं मान खाली घातली. रविवारी पाना घेऊन त्यानं कूलर उतरवला. उन्हाची तिरीप थेट पलंगावर आली. तुळसाबाईनं किती दिवसांनी केस विंचरले, पदर सारखा केला आणि हाक मारली, "प्रेमलता, काय भाजी वं आज?"

समोरच्या खिडकीत प्लास्टिक बांधलेला कूलर होता.

"तो मीच बसवून देल्ला, आई," धम्मानंद हळूच म्हणाला. "जूनमध्ये. नकोच म्हणत होत्या आधी. मंग म्हणे, तुळसाची खिडकी बंदच झाली, आता मायी उघडी ठेवून काय करू?"

 म्हणजे सहा महिने प्रेमलताही अशीच बसली होती, तुळसाबाईच्या ध्यानात आलं. 

धम्मानंद गंजानं माखलेले हात धुवायला मोरीकडे निघाला.

"हात नको धुऊ अजून," ती म्हणाली.