शालेय वापरास योग्य

सैन्यातल्या बँडमध्ये मी हवालदार होतो. निवृत्त होऊन साताऱ्यात राहायला आलो आणि शेजाऱ्यांनी मला परस्पर सुभेदार करून टाकलं. बढतीला कष्ट पडले नाहीत, म्हणून मीही हरकत घेतली नाही. या बढतीची बातमी कशी कोण जाणे पलूसकडच्या एका शाळेपर्यंत गेली आणि तिथून फोन आला. मुलींच्या बँडसाठी दहा चिनी ट्रंपेट मागवले होते, त्यातला एकही धड वाजत नव्हता. येऊन तपासा आणि लेखी द्या, असं म्हणणं होतं.

पुढचं ऐकायच्या आत मी हो म्हणालो. बायको गेल्यापासून मला फोन येतात ते बँकेचे, आणि बँकेला माझं मत नको असतं.

संगीताच्या बाई फाटकाशीच उभ्या होत्या. तिशीच्या असतील. नेमणूक कंत्राटावरची.

“सर, मोबाईलवर बघून मीच पसंत केलेत हे,” त्यांनी चालता चालता सांगून टाकलं. “माल खराब निघाला तर संस्थेचे अध्यक्ष बँड बंद करणारेत. बँड नसला की मीही नसणार.”

“मग परत पाठवा की.”

“नाव घातलंय त्यांच्यावर. दुकानदार घेत नाही.”

कार्यालयात खोकी उघडल्यावर कळलं. लग्नातल्या पातेल्यांवर घालतात तसं प्रत्येक भोंग्यावर अध्यक्षांच्या कैलासवासी वडिलांचं नाव कोरलेलं होतं. खाली गाव, तालुका, जिल्हा. भोंगा आणखी थोडा रुंद असता तर पिनकोडही बसला असता.

खरं सांगायचं तर मी निकाल ठरवूनच एसटीत बसलो होतो. स्वस्त चिनी वाद्यांबद्दल आम्हा जुन्या बँडवाल्यांचं एकच मत असतं आणि ते द्यायला आम्हाला वाद्य बघावं लागत नाही. पण बाई समोर बसून माझ्या हातांकडे बघत होत्या, तेव्हा बघणं भाग पडलं. पत्रा पातळ होता. सांध्यांवर डाग दिल्याचे ओघळ तसेच ठेवलेले. पण सूर जुळवायची नळी ओढली की बाटलीचं बूच निघावं तसा आवाज यायचा, म्हणजे हवा कुठं गळत नव्हती. गडबड फक्त पिस्टनांत होती. बोटानं दाबायचे ते तीन खांब खाली गेले की वर येत नव्हते.

जोर लावून एक बाहेर काढला. त्याला चिकट लाल थर होता. पितळेवर गंज चढतो तो हिरवा असतो.

“यांची पूजा केली होती का?”

बाईंचा आवाज खाली गेला. “दसऱ्याला. अध्यक्षांनी केली. एकेका पिस्टनला हळदकुंकू आणि वरून नारळाचं पाणी. मग खोकी थेट कपाटात.”

“तुम्ही थांबवलं नाही?”

“तुम्ही थांबवलं असतं?”

मी नोकरीभर सलाम ठोकत आलेला माणूस.

खिचडीच्या पातेल्यात कोमट पाणी मागवलं आणि पिस्टन बुडवले. तेवढ्यात कडक इस्त्रीतले अध्यक्ष आले आणि पाण्याकडे बघून खूश झाले.

“बघा, आवं सुभेदार, रंग सोडतोय चायना माल! मी पैल्यापास्नं सांगत हुतो.”

“कुंकू आहे ते.”

“आन् आत कसं गेलं?”

“वरून ओतल्यावर जातं.”

बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. अध्यक्षांनी पाण्यात बोट बुडवलं, हुंगलं, रुमालाला पुसलं.

“म्हंजी नवी वस्तू पुजायची न्हाई व्हय? बरं, ऱ्हाऊ द्या. मळ लिवा. मळ साचला हुता.”

कुंकवाला मळ म्हणायची सूचना त्यांची, हे मी इथं नोंदवून ठेवतो. अहवालात तसं लिहिलं.

पिस्टन पुसून, तेल घालून बसवल्यावर दहाही मोकळे झाले. आता एकच गोष्ट उरली होती: दोन वाद्यं एकत्र वाजवून बघणं. एकटा वाजणारा ट्रंपेट स्वतःपुरता खराच असतो. दुसरा जोडीला आला की कोण उतरलाय ते कळतं.

बाईंनी एक उचलला, मी दुसरा. त्यांचा सूर कापरा होता, पण धरून होता. दोन सुरांमध्ये आधी घरघर लागली. मी नळी केसभर बाहेर घेतली. घरघर मंदावली, थांबली, आणि कार्यालयात एकच सूर राहिला. निवृत्तीनंतर माझ्या सुराशेजारी कुणाचा सूर आलेला नव्हता. घरी मी वाजवतो तेव्हा वरच्या मजल्यावरचे खिडकी लावून घेतात.

तीन-चार जोड्यांत मला कळायचं ते कळलं होतं. तरी मी प्रत्येक ट्रंपेट प्रत्येकाशी लावून बघायला घेतला.

“सुभेदार, आजून किती?” अध्यक्षांनी घड्याळ बघितलं.

“सैन्याचा नियम आहे,” मी म्हणालो. असा नियम नाही.

संपेपर्यंत अध्यक्ष निघून गेले होते. बाईंचे ओठ सुजले होते. “मुलींना काय सांगायचं ते आता कळलं, सर,” त्या म्हणाल्या. “आता मला जमेल.”

जमणार होतं, ते मलाही दिसत होतं. मी कागद पुढे ओढला. एखाद्या ट्रंपेटपुढे ‘पुन्हा तपासणी आवश्यक’ असं लिहून आणखी एक फेरी मिळवता आली असती, कुणी विचारलं नसतं. दहाही ट्रंपेटांपुढे ‘योग्य’ लिहिलं, सही केली आणि कागद बाईंच्या हातात दिला.