तात्यांच्या डोक्यावरचं कौल

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिला. महाराजांच्या कृपेने कोल्हापुरात बोर्डिंगला राहिलो, बी.ए. झालो, मास्तर झालो. म्हणूनच हे लिहिताना संकोच वाटतो...

प्रसंग आमच्या मुरगूडचा, भर दुपारचा. माझे चुलते तात्या गवताच्या गाडीवरून पडले होते. कमरेखालचे अंग गेले, अंथरुणात पाठ सडली. डॉक्टर म्हणाले, बरे होणार नाहीत. पण असे कितीही महिने काढतील.

आमच्याकडे कुणाचा जीव अडकला, की घरचे लोक त्याच्या डोक्यावरच्या छपराचे एक कौल काढतात — जीवाला वाट मिळावी म्हणून. पण ते बेशुद्ध माणसासाठी. शुद्धीतला माणूस स्वतः मागतो, हे कुणी पाहिले नव्हते.

“कौल काढा,” तात्या रोज म्हणत.

“जित्या माणसाचं काढत्यात व्हय?” काकी रडायची. “मी न्हाय काढू देणार!”

“पाठ तुझी सडलीया का माझी?” मग त्या दुपारी माझ्याकडे वळून, “मास्तर, तुझा इस्वास न्हाय न्हवं? मग काढ की! तुझ्या लेखी मातीच हाय ती.”

काकीने धरलेला हात सोडवून मी बाहेर शिडी लावली. तात्यांची खाट आत छपराच्या कडेखालीच होती. नेमके वरचे कौल हेरून त्यावर हात ठेवला... आणि हात उचलेना. नुसती मातीच तर उचलायची होती. नाही जमणार, उतरावे, असे ठरवले. तेवढ्यात आतून काकी किंचाळली —

“काढलंस व्हय रं! ऊन पडलं की त्येंच्या तोंडावर!”

कौल माझ्या तळव्याखाली होते. जागचे हलले नव्हते.

धावत आत गेलो. तात्यांच्या चेहऱ्यावर कौलाएवढा उन्हाचा तुकडा. वर छप्पर अखंड, कुठे फटसुद्धा नाही.

“काढलंस न्हवं, लेकरा?” तात्यांनी विचारले.

काकी माझ्याकडे बघत होती.

“व्हय, तात्या,” मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. ऊन हळूहळू विझले, तोवर तात्या गेले होते.

काकी अजून माझ्या हातचे पाणी घेत नाही. मी कौल काढले नाही, हे शपथेवर सांगतो. ते ऊन कुठून आले, कळलेले नाही. आणि तात्या उन्हाने गेले की माझ्या ‘व्हय’ने... तेही नाही.