वानखेडेची रास कोणती?

रोज त्याच बाकावर तीच माणसं बसली की किस्से जमवावे लागत नाहीत, रद्दीसारखे आपोआप साचतात.

आमचा बाक स्मृति नगरच्या बागेत. स्टील प्लांटमधून रिटायर झालेले भास्करराव रोज सकाळी मोबाइलवरचं राशीभविष्य मोठ्यानं वाचतात. आम्ही ऐकतो आणि गोंधळून घरी जातो. हल्ली सगळ्यांचा जीव वानखेडेच्या राशीत अडकला होता. वानखेडे अजून प्लांटमध्ये शिफ्ट ड्यूटी करतो. त्याची बायको सुनंदा भांडून नेहरू नगरला भावाकडे गेली होती. तिला फोन कधी करायचा, हे हा बहाद्दर भविष्य ऐकून ठरवणार होता!

*

पण रास कोणती? मोबाइलवर ती जन्मतारखेवरून ठरते, आणि सर्व्हिस बुकात त्याची जन्मतारीख एक जुलै. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं लिहून टाकलेली. बाकावरच्या तिघांची तीच आहे!

वानखेडेनं गावी आईला फोन लावला. आई म्हणाली, "तुया वक्ती तूर सोंगून राहिले होते."

तूर सोंगायचा, म्हणजे कापणीचा, हंगाम चांगला दोन महिने चालतो. धनू की मकर? भास्कररावांनी निकाल दिला, "दोन्ही वाचतो. चांगली निघाली ते तुई!"

*

एकदा भविष्य निघालं : 'सकाळी जोडीदाराशी बोला. संध्याकाळी मौन पाळा.'

वानखेडे नाइट शिफ्ट करून थेट बागेत आला होता. म्हणाला, "मी तर आता झोपाले चाललो. मंग माझी सकाळ हाय का संध्याकाळ?"

यावर आम्ही अर्धा तास वाद घातला. निकाल लागेपर्यंत तो बाकावरच घोरायला लागला.

*

मग आलं, 'घराची उत्तर दिशा मोकळी ठेवा.' उत्तरेला फ्रिज! त्यानं तो ढकलत ढकलत दारामागे नेला. झालं, दार अर्धंच उघडू लागलं.

मी म्हटलं, "अरे, वहिनी आल्या तर आत कशा येतील?"

त्याचा चेहराच पडला. फ्रिज पुन्हा उत्तरेला. दुसऱ्या दिवशी मोबाइल म्हणतो, 'घरातील बदल शुभ ठरतील!'

*

माझंही ऐका. एकदा मला 'जोडीदाराकडून अनपेक्षित प्रेम' होतं. संध्याकाळी हिनं न मागता चहा दिला, वर विचारलं, "बिस्कीट पायजे का?" खरं सांगतो, मी घाबरलो.

*

रेल्वेतले मेश्राम राशीबिशी काही मानत नाहीत. तसं रोज बजावतात, आणि रोज शेवटपर्यंत बसतात.

मी विचारलं, "मंग कायले ऐकता?"

"वानखेडे शेजारी हाय ना माझा," ते म्हणाले. "त्याचा डबा आमच्या घरून जाऊन राहिला. वहिनी कवा येते, हे आमालेबी समजाले पायजे!"

गंमत बाजूला, वानखेडे वाळत चालला होता. मला त्याची खरंच काळजी वाटायची.

*

परवा तो धावतच आला. शर्टाची बटणं वरखाली.

"भास्करराव, लवकर वाचा. सुनंदा आली!"

आम्ही सगळे उभेच राहिलो.

"चष्मा राहिला म्हणे, घ्याले आली. चष्मा लावला, माझ्याकडं पाहिलं. म्हणली, 'किती वाळले तुमी.' आन कणीक मळाले बसली."

"मंग झालं ना!" मी म्हटलं.

"कायचं झालं? पिशवी अजून दारातच ठेवून हाय. थे राहाले आली का चष्मा घेऊन चालली, मले काई समजून नाई राहिलं. धनू वाचा पहिले."

भास्करराव मोबाइलवर धनू शोधू लागले. सापडेना. मकर लावली, तर नेट गेलं. आम्ही चौघं त्या गोल गोल फिरणाऱ्या चकरीकडे टक लावून बसलो.

मेश्राम म्हणाले, "वानखेडे, वहिनी घरी हाय ना?"

"हाव."

"मंग तू इथं कावून बसला बे?"