असल्फ्याची शिवणखोली
घाटकोपरला असल्फ्याच्या चढावर पत्र्याची एक खोली होती. तिथे आम्ही सहा बायका जुन्या साड्यांच्या आणि कंपन्यांतून आलेल्या कातरणीच्या पिशव्या शिवायचो. एरवी ती कातरण ट्रकात भरून देवनारच्या कचऱ्यात गेली असती. खोली जिची होती तिला सगळ्या ताई म्हणायच्या. माझ्याहून ती दोनच वर्षांनी मोठी.

त्याआधी आम्ही दोघी अंधेरीच्या एका कपड्यांच्या कंपनीत शेजारशेजारच्या मशीनवर होतो. तिथे संडासला जायचं तर सुपरवायझरकडून बिल्ला घ्यावा लागे आणि अख्ख्या लाइनीत बिल्ला एकच. त्यापेक्षा पाणीच न प्यायलेलं बरं, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. ताईच्या किडनीला त्यातूनच सूज आली. इस्पितळातून परत आली तर तिच्या मशीनवर दुसरीच बसलेली.

मग एके दिवशी ती माझ्या घरी आली. "दोन जुनी मशीनं घेतलीत. तू ये. पगार तिथल्याइतकाच देईन. पण दर दोन तासांनी उठायचं, पाणी प्यायचं, आणि जायचं तेव्हा कोणाला विचारायचं नाही."

"हे काय काम झालं होय?" मी हसले.

"हेच काम," ती म्हणाली.

तिसरं मशीन घ्यायच्या आधी तिने मागे संडास बांधून घेतला, आतून घट्ट कडी लागणारा. कातरणीचा भुगा नाकात जायचा म्हणून पत्रा कापून खिडकी काढली. गिऱ्हाइकं शिवण बघायची, ताई आमच्या पाठी बघायची. कोणी वाकून बसलेली दिसली की खुर्चीखाली विटा घालून उंची वाढवायची.

पाणी न पिण्याची माझी सवय मात्र सुटली नव्हती. एका मोठ्या दुकानाने दिवाळीसाठी नेहमीच्या दुप्पट पिशव्या मागितल्या, ताई हो म्हणाली. मला वाटलं, तिचं पहिलं मोठं काम, आपल्यामुळे अडायला नको. पाण्याचा पेला तोंडाला लावायचे नि तसाच खाली ठेवायचे. चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. मशीनवर डोकं टेकून बसले होते. शेजारच्या मालवणच्या मावशीने कपाळाला हात लावला. "काय गो, आंग किती तापला तुजा."

ताईने रिक्षा केली आणि मला डॉक्टरकडे नेलं. लघवीच्या जागी जंतू झालेत, पाणी पीत नाही का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. परत येताना रिक्षात ताईने विचारलं.

"मला घाबरतेस का गं?"

"नाही."

"मग कोणाला?"

बिल्ला देणारा सुपरवायझर तर कधीच मागे राहिला होता. मला रडू आलं. तिने माझा हात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी आमच्या समोरच तिने दुकानाला फोन लावला. "दिवाळीपर्यंत अर्ध्याच होतील." पलीकडचा माणूस खूप वेळ बोलत राहिला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग अर्ध्याच घ्या." त्या दुकानाने पुन्हा कधी काम दिलं नाही. दोन महिने आम्ही फुटकळ कामांवर काढले. तुझ्यामुळे गेलं, असं एकदोघी मला बोलल्यासुद्धा. ताईने ते ऐकलं. "तिच्यामुळे नाही. मी हो म्हणाले, ते चुकलं."

पुढे मुलुंडच्या एका शाळेने मुलांसाठी पिशव्या घेतल्या, तिथून दुसऱ्या शाळांची कामं आली. आता ताईचा मुलुंडला गाळा आहे, पंचवीस बायका आहेत. माझी नजर कमी झाल्यावर मी काम सोडलं. असल्फ्याची खोली कधीच पाडली.

मला आठवते ती तिथली चार वाजताची वेळ. सगळ्या दाराबाहेर येऊन कंबरेवर हात ठेवून उभ्या राहायचो, केसांत सुतं अडकलेली. चढाखालच्या पुलावरून मेट्रो जायची. मावशी गावच्या आंब्यांचं काहीतरी सांगायची, आम्ही हसायचो, आणि आत चला म्हणून कोणी हाक मारायचं नाही. आपल्या आपणच आत जायचो.