जांभळ्या फुलांचं तळं

आमच्या गावतळ्यात जलपर्णी मीच सोडली, जांभळी फुलं आवडली म्हणून. दोन वर्षांत पाणी सडलं, मासे मेले. मग कोल्हारकडून एक भोई आला. रोज ट्रकच्या ट्यूबवर बसून तो जलपर्णी उपटायचा, काठावर वाळत घालायचा, जाताना ओंजळभर पाणी हुंगायचा.

"हे बेनं कुनी सोडलं हुतं?" त्यानं एकदा विचारलं. मी आभाळाकडं पाहिलं, बायकोनं माझ्याकडं.

मासे परतले. गाव त्याचे गोडवे गाऊ लागलं; आमच्या घरचा पहिला चहाही त्यालाच. माझा जळफळाट झाला. शेवटचा झुपका आपण उपटायचा म्हणून मी पाण्यात उतरलो आणि मुळ्यांत अडकलो. त्यानं मला ओढून वाळत्या जलपर्णीच्या ढिगाशेजारी आडवं केलं आणि बायकोला शांतपणे सांगितलं, "वहिनी, ह्यांनाबी हितंच वाळू द्या. परत तळ्यात सोडू नका."