फॅक्सच्या रकान्यातली माणसं

२००६ साली मी हिंजवडीच्या एका कंपनीत होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. नांदेडकडून आलेली, वर्ष-दीड वर्षाचा अनुभव, आणि पहिल्यांदाच एक अख्खं काम माझ्या एकटीच्या हातात आलेलं. पिरंगुटच्या पुढे शेतीचे पंप बनवणारा एक कारखाना होता. त्यांच्या गिऱ्हाइकांची माहिती डॉसवरच्या जुन्या प्रोग्राममध्ये, काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत साठलेली होती. ती उचलून ईआरपी नावाच्या नव्या सिस्टीममध्ये न्यायची, म्हणजे पंप बिघडल्याचा फोन आला की कोणाचा, कुठल्या गावचा, कोणता पंप हे सगळं एका जागी दिसेल. लवळ्यावरून कंपनीची कॅब मला तिकडे न्यायची आणि मी वाटेत खिडकीला नाक लावून मनातल्या मनात प्रोग्राम लिहायची. इतकी खूश मी पहिल्या पगारालासुद्धा नव्हते.

आमच्या कंपनीतल्या साहेबांनी एकच गोष्ट बजावली होती. सोमवारी नवी सिस्टीम सुरू होणार, आणि पहिल्या फोनलाच घोळ झाला तर आमच्या चेन्नईच्या ऑफिसातून सीनियर माणूस येणार. म्हणजे मी परत बेंचवर, कामाची वाट बघत. त्या माणसाला मी पाहिलंही नव्हतं, पण मला त्याचा भयंकर राग येत होता.

मी कामाला भिडले. जुन्या यादीत एकेक माणूस दोन-दोनदा लिहिलेला दिसत होता. मी नियम केला: नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव ही चारही सारखी असतील तर माणूस एक. दुसरी नोंद पहिलीत विलीन. फॅक्सच्या रकान्यात तर कहरच होता. आकड्यांऐवजी ‘विहीर’, ‘वरली आळी’, ‘मिशीवाले’ असलं काहीबाही लिहिलेलं. नव्या सिस्टीमला तिथे आकडेच लागायचे. कचरा म्हणून मी तो रकाना साफ केला आणि शुक्रवारी सकाळी चाचणीसाठी सगळा डेटा चढवला. यादी कशी आटोपशीर, चकचकीत झाली होती!

कारखान्याच्या सर्व्हिस खात्यात जवळच्या माले गावचे एक काका होते. जुनी यादी पहिल्यापासून त्यांनीच ठेवलेली, दोन बोटांनी टाइप करून. मी त्यांना मोठ्या ऐटीत खुर्ची दिली. त्यांनी एक नाव घातलं आणि स्क्रीनकडे बघत राहिले.

“ह्यातला म्हातारा कुटं गेला?”

“कोणता म्हातारा? काका, एकच माणूस दोनदा होता. मी एक काढला.”

“एक कसा? मॅडम, ह्यो आजा हाय अन् त्यो नातू. आज्याची मोटार विहिरीवर हाय, नातवाची नदीवर. तुमी दोनी मोटारी एकाच्याच नावावर घातल्या.”

माझे कान गरम झाले. नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं, आणि त्याच्या बापाला आजोबांच्या वडिलांचं. आजोबा आणि नातू: नाव तेच, वडिलांचं नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच. हे मला ठाऊक नव्हतं म्हणावं, तर माझ्या सख्ख्या भावाला आमच्या आजोबांचंच नाव आहे. घरी चालतं ते सगळं कॅबमध्ये बसताना मी बाहेरच ठेवून येत होते की काय, देव जाणे.

“मग तुम्ही कसं ओळखता?” मी विचारलं. आवाज जरा चढलाच होता.

“फॅक्स बगा की.”

“शेतकऱ्यांकडे फॅक्स?”

“न्हाईच ना! कुनाकडंच न्हाई. मग ती जागा मोकळी कशाला ठिवायची? तितं मी वळख लिवतो.”

मी उडालेच. कॉलेजात दोन वर्षं आम्हाला शिकवत होते, प्रत्येक नोंदीला तिची वेगळी अशी खूण हवी. या माणसाने ती एकट्याने केली होती, कोणाला न विचारता, आणि मी तिला कचरा म्हणून झाडून टाकलं होतं. लाज वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला. वाटलं, खुर्चीवर उभं राहून ओरडावं.

मी साहेबांना फोन लावला. ‘ओळख’ नावाचा नवा रकाना हवा म्हटलं. ते म्हणाले, तयार सिस्टीममध्ये असले लाड चालत नाहीत. मी हट्टाला पेटले. “सर, मग चेन्नईवाल्यालाच विचारा आजा कुठला आणि नातू कुठला!” मग म्हणाले, कर, पण जबाबदारी तुझी.

शनिवारी दिवसभर काका माझ्या शेजारी बसले. जुन्या प्रोग्राममधल्या खुणा ‘ओळख’मध्ये उतरवत विलीन केलेली एकेक जोडी आम्ही पुन्हा सोडवली. शंका आली की ते डोळे मिटून त्या गावच्या वाटेने मनातच चालून यायचे आणि मग सांगायचे. संध्याकाळच्या आत जुनी आणि नवी संख्या तंतोतंत जुळली. मी टाळ्या पिटल्या, एकटीनेच.

सोमवारी साहेब माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. पहिला फोन वाजला. काकांनी रिसीव्हर माझ्याकडे सरकवला.

“घ्या. आता तुमी.”

पलीकडच्या माणसाने नाव आणि गाव सांगितलं आणि गप्प झाला, जणू एवढं बास. स्क्रीनवर दोन नोंदी आल्या.

“मळ्यातले, की देवळामागचे?” मी विचारलं.

“मळ्यातला,” म्हातारा आवाज एकदम सैल झाला. “मोटार पानी उचलंना झालीया. तू कुनाची गं?”

मी माझं, वडिलांचं नाव सांगितलं, गावही सांगितलं.

“लई लांबची की तू,” ते म्हणाले, “अन् तुला आमचा मळा ठावा!”

मागे साहेब खिशातून मोबाईल काढून चेन्नईला फोन लावत होते. “येऊ नका,” ते म्हणाले. “इथे आमची माणसं आहेत.”